डावा शिकवणीत, उजवा परीक्षेत

४ जानेवारी

धाकट्या,

सात महिन्यांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कट करता येतो, कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू कागद फाडणाऱ्यातला नाहीस. लहानपणी चॉकलेटची वेष्टनंसुद्धा वहीत दाबून ठेवायचास आणि मी ती फेकली की दोन दिवस अबोला धरायचास. अबोला धरण्यात तू तेव्हापासूनच पटाईत.

आई बरी आहे. गुडघा दुखतो आणि दुखत नाही असं सांगते. तुझी खोली तिने होती तशीच ठेवली आहे. मी तिथे इस्त्रीचे कपडे ठेवले, तर संध्याकाळी ते माझ्या पलंगावर आले होते. तुला त्या मोठ्या दवाखान्याच्या संशोधन विभागात जागा मिळतेय, हे तिच्याकडूनच कळलं. बरं वाटलं. खरंच वाटलं.

आता कामाचं. तुला चौकशी समितीचं पत्र येईल, कदाचित एव्हाना आलंही असेल. घाबरू नकोस. आपलं मॉडेल ज्या तपासणी केंद्रांत लावलं, तिथे अकरा जणांच्या डोळ्यांचे फोटो बघून त्याने ‘ठीक आहे, वर्षाने या’ असं सांगितलं. ते ठीक नव्हते. साखरेच्या आजाराने डोळ्याचा पडदा खराब व्हायला लागला होता आणि मशीनला ते दिसलं नाही. चौघांची नजर बरीचशी गेली. मॉडेलला शिकवायचे फोटो आणि त्याची परीक्षा घ्यायचे फोटो वेगळे करताना गफलत झाली, इथपर्यंत समिती आली आहे. त्या वाटणीच्या नोंदीत तुझं लॉगिन आहे, त्यामुळे ते तुलाच विचारणार.

थोडक्यात उत्तर दे. ‘आठवत नाही’ चालतं. ‘घाईत तपासायचं राहून गेलं असावं’ हेही चालतं. तू आता तिथे नोकरीला नाहीस, त्यामुळे तुझं फारसं काही बिघडणार नाही. टीमची प्रमुख म्हणून मला जेवढं सावरता येईल तेवढं मी सावरीन. नव्या जागेवर त्याचा परिणाम होणार नाही हेही बघीन.

आणि एक. आपण बहीणभाऊ आहोत हे तिथे काढू नकोस. इतके दिवस कुणाला कळलं नाही, आता कळलं तर उगाच फाटे फुटतील.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी ताई


१३ जानेवारी

धाकट्या,

उत्तर मिळालं. अख्ख्या कागदावर एक ओळ. ‘काय झालं ते तुला माहीत आहे, तू सांग.’ खाली सहीसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली असतील, कारण आई बाहेरून म्हणाली, “त्याचं पत्र आलं वाटतं.”

मला राग आला. तू मला नेहमी असाच कोंडीत पकडतोस. भांडला असतास तर मी दोन शब्द जास्त बोलले असते आणि मोकळी झाले असते.

इकडची गंमत ऐक. मोठ्या साहेबांनी मला पुस्तिका लिहायला सांगितली आहे, नव्या टीमप्रमुखांसाठी. मशीन शिकवणाऱ्या टीमचं व्यवस्थापन कसं करावं. इकडे चौकशी चालू आणि तिकडे मी धडे देणार. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. “टीम कशी चालवावी ते तुमच्याकडून शिकावं,” असं ते चारचौघांत म्हणाले. मी तीन पानं लिहिली आणि अडकले.

पहिला नियम तुला पाठच आहे. आठवड्याला एकच आकडा, सोमवारी सकाळी, फळ्यावर. शंभरातले किती डोळे मॉडेलने बरोबर ओळखले, तेवढंच. हुशार माणसं सहा असली की सात दिशांना पळतात. एक आकडा समोर असला की निदान एकीकडे तोंड करून पळतात. माझं अजूनही हेच मत आहे.

दुसरा नियम, शंका काढणाऱ्याने दोन दिवसांत पुरावा आणायचा, नाहीतर शंका मागे घ्यायची. तो आपल्या टीममधल्या गणितीमुळे करावा लागला. तो दर मीटिंगला जग बुडाल्याची बातमी घेऊन यायचा आणि दुपारी स्वतःच विसरायचा. तू त्याची नक्कल किती छान करायचास.

आणखी एक नियम पुस्तिकेत येणार नाही. घरी ऑफिस नाही. जेवताना तू “ताई, एक विचारू?” म्हणालास की मी ताटाकडे बोट दाखवायचे. आई म्हणायची, “अगं, विचारू दे की.” मी नाही म्हणायचे.

तो नियम तुझ्यासाठी होता. तुझ्या मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकली होती, तू आपल्या हिमतीवर आलास. लग्न मोडलं तरी सासरचं आडनाव माझ्याकडे राहिलं, त्याचा एवढा एक उपयोग झाला. सकाळी मी एक स्टॉप आधी उतरून चालत यायचे. तू मला ‘मॅडम’ म्हणायचास आणि मी तुला ‘अहो’. पहिल्या आठवड्यात तुला हसू आवरत नव्हतं, नंतर आवरायला लागलं. कुणी म्हणू नये की बहिणीने भावाला चढवलं, म्हणून मी तुझी रजा सगळ्यांच्या शेवटी मंजूर करायचे आणि तुझं काम सगळ्यांच्या आधी मागायचे. गणिती एकदा टीममध्ये नव्या आलेल्या मुलीला, आपल्या नवीला, म्हणाला होता, “मॅडमचं त्याच्याशी काय वाकडं आहे कळत नाही.” मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

मला माहीत आहे ते मी सांगीनच. पण सगळं सगळ्यांना सांगण्यासारखं नसतं, एवढं तुलाही कळतं.

तुझी ताई


२२ जानेवारी

धाकट्या,

आज माझी साक्ष झाली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याच्या ग्लासावर कागदाची झाकणं. अध्यक्षबाई निवृत्त डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. आवाज इतका मऊ की आपण तपासून घ्यायला आलोय असं वाटतं. मोठे साहेब माझ्या शेजारी बसले होते.

त्यांना मी वाटणीची भानगड अशी समजावली. वर्गात जी गणितं सोडवून दाखवली तीच परीक्षेत घातली, तर सगळेच पहिले येतात. एका माणसाचे दोन डोळे सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त सारखे असतात. म्हणून एका माणसाचे दोन्ही डोळे एकाच ढिगात ठेवावे लागतात. आपल्याकडे तसं झालं नाही. हजारो माणसांचा डावा डोळा शिकवणीत गेला आणि उजवा परीक्षेत. मॉडेलने आजार ओळखलाच नाही, त्याने माणूस ओळखला. बाई म्हणाल्या, “फार स्वच्छ सांगितलंत.”

मग त्यांनी विचारलं, “वाटणी कोणी केली?”

“नोंदीत त्यांचं नाव आहे,” मी म्हणाले. तुझं.

“त्यांनी नंतर काही शंका काढली होती का?”

“हो. एका मीटिंगमध्ये.”

“मग?”

“मी पुन्हा तपासायला सांगितलं.”

“त्यांनी तपासलं?”

मी पाणी प्यायले. मग म्हणाले की त्यानंतर त्यांची दुसऱ्या कामावर बदली झाली. शब्दन् शब्द खरा आहे, धाकट्या. हवं तर एकेक तपासून बघ.

घरी येताना ती मीटिंगच डोळ्यांसमोर होती. तू उभा राहून म्हणालास, “मॅडम, फोटो वेगळे करताना माणूस बघितला गेला नाही असं मला वाटतं.” गणिती ताडकन सरळ बसला, त्याला लगेच कळलं. मी विचारलं, “वाटणी कोणी केली होती?” तू माझ्याकडे बघितलंस. नवीने तत्परतेने नोंद पडद्यावर लावली. तुझं नाव, तारीख, वेळ. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे हसले. गणिती म्हणाला, “स्वतःची चोरी स्वतःच पकडलीस की रे.” तूही थोडासा हसलास आणि थांबलास. मी बोलेन म्हणून थांबला होतास. मी “पुन्हा तपासा” म्हणाले, फळ्याकडे वळले आणि आधीच पुसलेली जागा पुन्हा पुसली.

दोन दिवसांनी तू पुरावा आणलास. ढीग नीट लावले की शहाण्णवचे त्र्याऐंशी होत होते. मी केबिनचं दार लावलं आणि म्हणाले की केंद्रांत मशीन बसवायला दोन आठवडे उरलेत, तारीख जाहीर झाली आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढच्या सोमवारी मी तुला अहवालांची मांडणी करायला बसवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्यातून तुमची वाढ होईल. ‘तुमची’ म्हणाले.

समितीला हे सांगितलं नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी टॅक्सीत स्वतःला समजावलं.

ताई


५ फेब्रुवारी

धाकट्या,

आज समितीच्या कचेरीत माझ्या साक्षीच्या प्रतीवर सही करायला गेले होते. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, पंचावन्नच्या आसपासचे. अंगावर स्वतः शिवलेला असावा असा नीट बसणारा कोट. मी शेजारी बसले तर मान पूर्ण वळवून, डोळ्याच्या एका कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही इथल्याच का?” त्यांनी विचारलं. “जरा एवढं वाचून दाखवता? बायको पाणी आणायला गेलीय.”

मी इथलीच, असं म्हणाले. त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. समितीने अकराही जणांना पाठवलेला प्राथमिक निष्कर्ष होता. मी वाचायला लागले. ‘फोटोंचे वर्गीकरण करताना एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून झालेल्या निष्काळजीपणामुळे’ इथे आले आणि अडखळले. ते म्हणाले, “सावकाश वाचा, मला घाई नाही.” मी ते वाक्य पूर्ण वाचलं.

ते शिंपी आहेत. दुकानात आता त्यांचा भाचा बसतो. सुईत दोरा ओवता येत नाही, तो बायको ओवून देते, पण टाका कुठे पडतोय ते दिसत नाही. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, दुकान कुठल्या वेळेला उघडतं ते सांगावं तसं सांगितलं. मशीनने ‘वर्षाने या’ म्हटलं तेव्हा त्यांनी आनंदाने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

“कनिष्ठ म्हणजे नवा माणूस असेल कुणी,” ते म्हणाले. “होतं घाईत. कापड एकदा उलटं कापलं गेलं की गेलं.”

मी पत्राची घडी घालून त्यांच्या हातात दिली.

“पण मला एक कळत नाही बाई. त्याच्या शेजारी कुणी उभं नव्हतं? आमच्याकडे नवा माणूस कात्री धरतो तेव्हा मी तिथे असतो. कापड त्याच्या हातून बिघडलं तरी गिऱ्हाइकाला मी सांगतो, माझ्याकडून बिघडलं. दुकान माझं ना.”

त्यांची बायको पाणी घेऊन आली. त्यांनी तिला सांगितलं, “या बाईंनी सगळं वाचून दाखवलं.” तिने माझे आभार मानले. मी आत गेले, सही केली आणि मागच्या जिन्याने उतरले, कारण पुढून जाण्याचं धाडस झालं नाही.

आज एवढंच लिहवतंय.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

मार्चमधला दुसरा रविवार. माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला होता म्हणून तो दुरुस्तीला गेला होता. तू दुपारी शेजारच्या काकांचा गळका नळ बसवायला गेलास. तुझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता आणि त्याचा पासवर्ड म्हणजे आईची जन्मतारीख, हे घरात कुणाला माहीत नव्हतं? आई समोर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. “त्याचा कशाला घेतलास?” तिने विचारलं. “पाच मिनिटांचं काम आहे,” मी म्हणाले.

शुक्रवारी शिबिरांमधले चार हजार नवे फोटो आले होते. सोमवारच्या आकड्यात ते यायला हवे होते, कारण साहेब पाहुण्यांना फळा दाखवायला आणणार होते. फोटो उघडले तर रुग्णक्रमांकाचा रकाना रिकामा. सगळाच्या सगळा रिकामा. शिबिराच्या रजिस्टरवरून तो हाताने भरायचा म्हणजे दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. आतापर्यंत समितीला, साहेबांना आणि स्वतःलाही मी ‘गफलत झाली’ म्हणत आलेय. गफलत झाली नाही. रकाना रिकामा आहे हे मी बघितलं, जुने-नवे सगळे फोटो एकत्र मिसळले आणि त्यांचे आंधळेपणाने दोन ढीग करायला लावले. क्रमांक पुढच्या आठवड्यात भरू, असं ठरवलं.

वीस मिनिटांनी आकडा आला. आदल्या सोमवारी चौऱ्याऐंशी होता, आता शहाण्णव. एका आठवड्यात बारा कसे चढतील? आठ वर्षं हे काम करतेय मी, दुसऱ्या कुणी आणला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. का चढला ते मला तिथेच, त्या खुर्चीवर कळलं होतं. कळलं नाही असं मी ठरवलं. सोमवारी फळ्यावर लिहिला, टीमने टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी फळ्याबरोबर फोटो काढले. क्रमांक भरायचा पुढचा आठवडा कधी आलाच नाही. तुला वाटलं असेल, मी नोंदीवर माझं नाव घालायला विसरले. विसरले नव्हते. नोंद तुझ्या नावाने पडली हे मला सोमवारीच दिसलं होतं. सांगू नंतर, म्हटलं.

तीन आठवड्यांनी तू स्वयंपाकघरात आलास. मी ओटा पुसत होते. “ताई, त्या रविवारी माझ्या लॅपटॉपवर तू काही चालवलंस का?” असं सरळ, हळू आवाजात विचारलंस. मी म्हणाले, घरी ऑफिस नाही. तू काय करायला आला होतास ते मला आता कळतं. तू मला आधी सांगून ठेवायला आला होतास, म्हणजे दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी स्वतःहून बोलावं. मीटिंगमध्येही तू माझं नाव घेतलं नाहीस. त्यानंतर तू दोन महिने माझ्यासमोर बसून जेवलास आणि जूनमध्ये बॅग भरून गेलास. आई मला विचारत राहिली की काय झालं, आणि मी म्हणत राहिले की ऑफिसचं आहे.

तुला पहिल्या पत्रात लिहिलं की तुझं फारसं बिघडणार नाही. खोटं लिहिलं. असा ठपका आला तर तुला रुग्णांच्या माहितीला पुन्हा कुणी हात लावू देणार नाही, दवाखान्यातली जागा तर जाईलच. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी पुन्हा साक्ष द्यायची परवानगी मागितली आहे. सतराला बोलावलंय. सगळं सांगते.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

सांगितलं. रविवार, रिकामा रकाना, तुझं लॉगिन, केबिनचं बंद दार, त्र्याऐंशी. काही ठेवलं नाही.

अध्यक्षबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “याला काही पुरावा?”

तुझा लॅपटॉप तू जाताना जमा केलास, तो पुसून दुसऱ्या कुणाला दिला गेलाय. केबिनमध्ये आपण दोघंच होतो. तू आणलेला पुरावा मी कागदावर घेतला होता, तोही ठेवला नाही.

“तुम्हाला ते करताना कोणी पाहिलं?”

“आईने.”

“कोणाच्या आईने?”

“माझ्या,” मी म्हणाले. मग म्हणावंच लागलं, “आमच्या.”

बाईंनी चष्मा काढला. मोठे साहेब माझ्याकडे वळून बघायला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं. बाईंनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तुझं निवेदन, पंचवीस जानेवारीचं. ‘वाटणी मी केली. घाईत तपासायचं राहून गेलं. यात इतर कुणाचा दोष नाही.’ खाली तुझी सही. मला पाठवलेल्या पत्रावर करायची राहिलेली सही इथे होती.

बाई म्हणाल्या, “धाकट्या भावंडासाठी जीव तुटतो, मलाही एक आहे. पण नोंद, त्यांची सही आणि तुमची स्वतःची पहिली साक्ष, तिन्ही एकच सांगतात. आणि तुम्ही बहीण आहात हे तुम्ही आज सांगताय.” मी म्हणाले, “मी खरं सांगतेय.” त्या म्हणाल्या, “मी समजू शकते.” त्यांना काय समजलं ते मला दिसत होतं.

धाकट्या, ते शब्द माझे आहेत, माझ्या पहिल्या पत्रातले. त्यामुळे सही केलीस का? माझ्यावर राग म्हणून केलीस, की दया म्हणून? मी सगळं सांगेन असं तुला वाटलंच नाही, यात तुझं काही चुकलं नाही. पण आता सांगितलंय. तू फक्त सही मागे घे. पंचवीसला आईला फोनवरून विचारणार आहेत, ती बघितलेलं सांगेल. मग माझ्या एकटीच्या शब्दाविरुद्ध तीन पुरावे राहणार नाहीत.

मी तुला फोन करतेय. उचल.

ताई


३ मार्च

धाकट्या,

तू फोन उचलला नाहीस. का उचलला नाहीस ते आता कळलं, म्हणून पुन्हा कागद.

पंचवीसला दुपारी समितीचा फोन आला. आईने स्पीकर लावला. मी समोर बसले होते. त्यांनी विचारलं, मार्चमध्ये एका रविवारी तुमच्या मुलीने मुलाचा कॉम्प्युटर वापरलेला आठवतो का? आईने पदराने फोनची काच पुसली आणि म्हणाली, “नाही हो. त्याचा कॉम्प्युटर तोच वापरायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.” त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

मी म्हणाले, “आई, तू समोर बसली होतीस.”

“होते.”

“मग?”

“तो तर घरातून गेलेलाच आहे,” आई म्हणाली. “आता तूही गेलीस तर मी कुणाकडे बघू? इथे रोजचं कोण करणार, तो?”

मग तिने उरलेलं सांगितलं. जानेवारीत तुझं एका ओळीचं पत्र आलं, मी भांडी आपटली, ते तिने बघितलं. माझ्या उशाखालून ते काढून वाचलं आणि तुला फोन केला. तिचा तू उचलतोस. तिने तुला सही करायला सांगितलं. तू विचारलंस, “ताईने सांगायला सांगितलं का?” आणि ती हो म्हणाली. तू “बरं” म्हणालास, असं तिने सांगितलं. हे सांगताना ती रडत नव्हती. गुडघा चोळत होती.

मी सांगितलं नव्हतं, धाकट्या. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. हे तुला पटायला हवं म्हणून चार वेळा लिहायला घेतलं आणि दर वेळी पहिलं पत्र आठवलं. तिने फोनवर जे एका शब्दात मागितलं ते मी आधीच दोन पानांत मागून ठेवलं होतं. तिला मी काय बोलणार?

अहवाल तीन दिवसांपूर्वी आला. तुझं नाव दुसऱ्या पानावर आहे. ‘अशा जबाबदारीच्या कामावर पुन्हा नेमू नये.’ दवाखान्याने तुला कळवलं असेलच. अपिलाला तीस दिवस आहेत, पण ते फक्त तुला करता येतं. मी विचारून आले. मी साक्ष दिली तर ती बहिणीची साक्ष म्हणून घेतील, असं तिथल्या कारकुनाने समजावून सांगितलं, चांगला माणूस होता. तू सही मागे घेतलीस, आणि आईनेही खरं सांगितलं, तरच काही होईल. आईशी मी रोज बोलतेय. ती रोज जेवायला वाढते.

शिंप्याच्या दुकानातही जाऊन आले. त्यांना सांगितलं की ते फोटो मी मिसळले, कुणी कनिष्ठ नव्हता. त्यांनी टेप गळ्यात तशीच ठेवून ऐकलं. म्हणाले, “तुम्ही त्याची बहीण ना? पेपरात आलंय.” मग मला बसायला स्टूल दिलं.

कामाचा राजीनामा दिला, साहेबांनी तो घेतला नाही, दोन आठवडे विश्रांती घ्या म्हणाले. सामान आणायला गेले तेव्हा सगळी टीम उभी राहिली. नवीचे डोळे भरून आले होते. गणिती, जो कधी कुणाला चांगलं म्हणत नाही, माझा हात धरून म्हणाला, “मॅडम, भावासाठी एवढं कुणी करत नाही.” मी त्याला सांगितलं, “माझा भाऊ निर्दोष आहे, मीच केलं, तुम्ही स्वतः फळ्यावरचा आकडा बघून टाळ्या वाजवल्या होत्यात.” त्याने माझा हात सोडला नाही. तिथे आता तुला सगळे नावं ठेवतात आणि मला चांगली बहीण म्हणतात. तसं नाही असं मी प्रत्येकाला सांगते, आणि मी जितकं सांगते तितकं ते जास्त म्हणतात.

ताई